चांगल्या डोळ्याचं लेझर

खंडेनवमी, सकाळ. जागा: पोलोग्राउंड या कारखान्यांच्या वस्तीतली दादाची वर्कशॉप.

हजर: दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनी, मी, दादाकडे वर्षानुवर्षं काम करणारे दोन टर्नर. फोनच्या पडद्यावर पुण्याहून दादाची मुलगी, माझी भाची. गैरहजर: गुरुजी. त्यांना त्या दिवशी आणखी बरेच कारखाने होते, म्हणून पूजा दादाच करत होता.

अशी हजेरी आणि कामांची यादी मांडून ठेवायची मला सवय आहे. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर मी लग्नाला गेले तरी आधी कोण आलं, कोण नाही ते बघते. दादा मला कलेक्टरबाई म्हणतो. मला चालतं.

आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. पूर्वज इथल्या मराठी संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून आम्ही या हिंदी मुलखात आहोत. त्यांची एक तलवार छत्रीबागेतल्या घरी कपाटावर असते. दर वर्षी ती जुन्या धोतरात गुंडाळून दादाच्या स्कूटरवरून वर्कशॉपला येते. दादा चालवतो, मागे वहिनी तलवार उभी धरून बसते आणि सिग्नलवरचा पोलिस हसतो. वर्कशॉपमध्ये तिच्या शेजारी एका ताटात दादाची हत्यारं मांडली जातात: मायक्रोमीटर, गेज आणि काटकोन तपासायचा गुण्या. हा गुण्या दादाचा जीव की प्राण. तयार झालेला प्रत्येक नग तो गुण्याला लावून खिडकीकडे धरतो, डावा डोळा मिटतो आणि उजव्याने बघतो. मधून उजेडाची फट दिसली की नग परत. मी लहान होते तेव्हापासून दादाचा चेहरा मला असाच आठवतो, डावा डोळा मिटलेला. फोटोतसुद्धा तो असाच येतो.

त्या सकाळी दादाने धूप घातला, जरा जास्तच. धूर सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. त्याने तो डोळा चोळून घट्ट मिटला आणि कुंकवाचं बोट ताटाकडे नेलं. बोट ताटाच्या बाहेर, फरशीवर टेकलं.

"बत्ती गेली का रे?" दादाने विचारलं.

बत्ती चालू होती. पंखा फिरत होता. फोनवर भाची विचारत होती, "काय झालं? पप्पा असे का बसले?"

"काही नाही," दादा म्हणाला आणि उजवा डोळा उघडला. "दिसलं, दिसलं. आहे बत्ती."

पूजा पार पडली, पेढे वाटले गेले. पण मी ते बोट बघितलं होतं. टर्नर बाहेर गेल्यावर मी दादाच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "उजवा डोळा झाक."

"कशाला?"

"झाक म्हणते ना."

त्याने झाकला. मी हात पुढे धरला आणि बोटं किती ते विचारलं. दादा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, जाळं आहे यार समोर. काळं जाळं. हलतंय ते."

"कधीपासून?"

दादाला खरंच माहीत नव्हतं. जो डोळा तो दिवसभर मिटून ठेवत होता, तो कधी गेला हे त्याला कळायला वाव नव्हता. घरच्या बाकी कुणाच्या डोळ्याला असं झालं असतं तर महिनाभरात कळलं असतं.

साखरेचा आजार त्याला खूप वर्षांचा. गोळ्या घेतो, पण प्रमाण स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. मायक्रोमीटर लावल्याशिवाय एक नग बाहेर जाऊ न देणारा हा माणूस स्वतःची साखर मात्र नुसत्या अंदाजावर सांभाळत होता. वहिनी म्हणाली, "मी बोलले की मी कटकटी होते. आता तुम्हीच बघा ताई." मी बघितलं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घेतली, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले आणि दादाला रिक्षात बसवलं. तो स्कूटरवर जायचं म्हणत होता. डोळ्यांत थेंब घातल्यावर परत कोण चालवणार, एवढंच मी विचारलं.

डॉक्टर तरुण होत्या, बोलण्यात सरळ. त्यांनी डोळ्यांच्या आतले फोटो पडद्यावर दाखवले. गोल, शेंदरी, नारंगीसारखे. त्यावर लाल रेघा, झाडाच्या फांद्यांसारख्या.

"ये जो महीन-महीन गुच्छे दिख रहे हैं ना अंकलजी, ये होने नहीं चाहिए," त्या म्हणाल्या. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या भागाला रक्त पुरत नाही, तो भाग रक्त मागत राहतो आणि मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात, असं त्यांनी समजावलं. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. डाव्या डोळ्यात त्यातली एक फुटून रक्त आत पसरलं होतं. दादाला दिसणारं जाळं तेच. उजव्या डोळ्यात वाहिन्या नुकत्या उगवत होत्या, अजून फुटलेल्या नव्हत्या.

उपाय लेझर. पडद्याच्या कडेच्या भागावर बारीक बारीक डाग द्यायचे, म्हणजे त्या भागाची मागणी कमी होते आणि कच्च्या वाहिन्या वाळतात. मधला भाग, ज्याने आपण वाचतो, माणसं ओळखतो, तो शाबूत राहतो; बाजूचं दिसणारी कडेची नजर मात्र थोडी जाते. गेलेली नजर लेझरने परत येत नाही, पण आहे ती टिकण्याची आशा खूप वाढते. इंजेक्शनचाही रस्ता होता. त्यासाठी मात्र न चुकता पुन्हा पुन्हा यावं लागतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ये टाइम पे आ जाएँगे?" मी आणि वहिनीने एकदम मान हलवली, नाही म्हणून. दादा म्हणाला, "अरे वा, एका मिनिटात फैसला." लेझर ठरलं.

डाव्या डोळ्याचं त्याच आठवड्यात सुरू झालं. रक्ताच्या आडून जेवढं दिसलं तेवढ्याच भागावर डॉक्टरांनी काम केलं. बाकी रक्त ओसरल्यावर करू म्हणाल्या. दादा बाहेर आला तो डोळ्यांवर काळा चष्मा आणि चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव घेऊन. "दुखलं का?" वहिनीने विचारलं. "दुखायचं काय त्यात. टोचतं जरासं. पण आता तर आधीपेक्षा कमी दिसून राहिलं."

असं होतं, काही दिवस धूसर राहतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आणि मी लिहूनही घेतलं होतं. पण दादाने त्यातून आपला निष्कर्ष काढला, आणि घरी पोचल्यावर चहाच्या आधी जाहीर केला.

"बस. डावा गेलाच होता, त्याचं काय करायचं ते करा. पण चांगल्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही."

मग दिवाळीपर्यंतचे दिवस याच एका वाक्याभोवती गेले. उजवा डोळा म्हणजे दादाचा गुण्याचा डोळा. त्यावर वर्कशॉप, दोन टर्नर आणि दादाची सगळी पत. त्यातली एखादी कच्ची वाहिनी कधीही फुटू शकत होती. सकाळी ब्रश करताना, नाहीतर लेथसमोर उभं असताना. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि दादा खिडकीकडे नग धरून उजव्या डोळ्याने बघत होता, रोज, अगदी शांतपणे.

मी माझ्या पद्धतीने लागले. लेझर केलं तर काय, नाही केलं तर काय, याचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. दादा पाणी घ्यायला जाऊन तो वाचायचा आणि म्हणायचा, "अक्षर छान आहे." मी डॉक्टरांनी दिलेले फोटो पुन्हा दाखवले. दादाच्या ओळखीच्या, लेझर झालेल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलणं करून दिलं. व्यापाऱ्याने लेझरबद्दल दोन वाक्यं आणि लोखंडाच्या भावाबद्दल अर्धा तास सांगितलं. भाची पुण्याहून फोनवर रडली. वहिनीने अबोला धरला. तो फराळ करायच्या दिवशी मोडला, कारण शेव किती तिखट करायची हे दादालाच ठरवायचं असतं.

"दिवाळी होऊ दे," दादा शेवटी म्हणाला. आमच्या घरात याचा अर्थ नाही असा होतो.

दिवाळीनंतर डाव्या डोळ्याची तपासणी होती. त्याच दिवशी मी उजव्याच्या लेझरचीही वेळ घेतली. लपवलं नाही. रिक्षात बसताना सांगितलं, "दोन्ही लिहिलंय. उजव्याचं काय करायचं ते तू तिथे ठरव. नाही म्हणालास तर मी एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द?"

"एकही नाही."

"वहिनीला बोलायला लावशील."

वहिनी म्हणाली, "अहो, मला तर तुमच्याशी बोलून बोलून कंटाळा आला."

दवाखान्यात थेंब घालून एका ओळीत बसवतात. डोळे मिटून बसायचं, नर्स दर थोड्या वेळाने येऊन पुन्हा थेंब घालते. दादाच्या शेजारी पांढऱ्या फेट्यातले एक बाबा बसले होते. गौतमपुऱ्याचे, लसणाची शेती, बरोबर मुलगा, तो कागद जमा करायला गेला होता. बाबांनाही लेझरच होतं आणि ते घाबरले होते. डोळे मिटूनच त्यांनी दादाला विचारलं, "भिया, ये मशीन आँख जला तो नी देगी?"

दादाला कुणी मशीनबद्दल विचारलं की तो गप्प राहू शकत नाही. तोही डोळे मिटून बसला होता. तसाच, भिंतीकडे तोंड करून, बोलायला लागला.

"देखो बाबा. तुम्हारे यहाँ मोटर है ना कुएँ पे?"

"है।"

"वोल्टेज कम आता है तो क्या करते हो?"

बाबांनी आवाज खाली आणला. "सब करते हैं भिया, इधर-उधर से तार डाल लेते हैं।"

"हाँ! वही तो। मेरी वर्कशॉप में भी यही था पहले। आखिरी शेडवालों को लाइट पूरी नहीं मिले, तो कहीं से भी कच्चा तार खींच लेते थे। फिर एक दिन चिंगारी, धुआँ, सब काला। मेरी उलटी आँख में वही हुआ, समझे? कच्चा तार जल गया। तो मैंने वर्कशॉप में क्या किया? किनारे की मशीनें बंद कर दीं। दो-चार का नुकसान हुआ, हुआ। पर लोड कम हो गया, किसी को कच्चा तार खींचने की ज़रूरत ही नहीं रही। बीच की बड़ी लेथ आज तक चल रही है। ये लेझर वही करता है। किनारे की मशीनें बंद, बीच की चालू।"

मी समोरच्या खुर्चीवर होते. वहिनीने माझा हात धरला. 

दादाला सगळं कळलेलं होतं. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच त्याने ते आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं, आणि माझ्या तक्त्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी महिनाभर त्याला माहिती पुरवत होते. माहितीची कमतरता त्याला नव्हतीच. तो घाबरला होता, आणि ते ऐकायला आम्ही कुणी तयार नव्हतो, मीसुद्धा.

बाबा म्हणाले, "समझ गया। पर डर तो लगे है।"

"डर?" दादा हसला. "गौतमपुरा के हो और डर? वहाँ तो दिवाली के दूसरे दिन जलते हिंगोट फेंकते हो एक-दूसरे पे। बारूद भरा हुआ फल! तुमने नहीं खेला क्या?"

"खूब खेला। ये देखो, कान के पीछे निशान।"

"तो फिर? जलता हिंगोट झेल लिया और इस हरी बत्ती से डर रहे हो?"

"हिंगोट तो दिखे है आते हुए," बाबा म्हणाले. मग त्यांनी एक डोळा किलकिला करून दादाकडे बघितलं. "भिया, तुम्हारी कौन-सी आँख का है आज?"

"उलटी दिखाने आया हूँ।"

"और सीधी?"

दादाचं बोट मिटलेल्या उजव्या डोळ्याकडे गेलं.

"सीधी में भी हैं वो कच्चे तार?"

"हैं। थोड़े से।"

"तो उसकी मशीनें कब बंद करोगे, जब धुआँ निकलेगा?" बाबा इतक्या जोरात हसले की रांगेतल्या सगळ्यांनी मिटल्या डोळ्यांनी माना वळवल्या. "हमको ज्ञान दे रहे हो, और खुद बैठे हो!"

नर्सने तेवढ्यात उजव्या डोळ्यासाठी दादाचं नाव पुकारलं. मी बोलणार नाही म्हटलं होतं, आणि मी बोलले नाही. वहिनीने जमिनीकडे बघितलं. दादाने गुडघ्यांवर हात टेकले. मग उठला आणि अंदाजाने माझ्या दिशेला तोंड करून म्हणाला, "एक शर्त आहे."

"बोल."

"स्कूटरचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत."

"तुझ्या त्या यादीतपण नाही."

"जा आत."

गेला. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला थोडं दिसलं. हनुवटी टेकवलेली, कपाळ पट्टीला लावलेलं, डोळ्यावर डॉक्टरांनी धरलेलं भिंग. खोलीत अंधार, आणि त्यात हिरवी चमक, पुन्हा पुन्हा, वेल्डिंगसारखी पण आवाज नसलेली. डॉक्टरांनी "हिलना मत अंकलजी" एकदाच म्हटलं. परत म्हणावं लागलं नाही. जन्मभर नग उजेडात धरून हात न हलवता बघणारा माणूस तो. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, असा स्थिर पेशंट क्वचित मिळतो. दादाने ते वाक्य पुण्याला, व्यापाऱ्याला आणि दोन्ही टर्नरना स्वतः फोन करून सांगितलं.

बाबांचा नंबर त्याच्यानंतर होता. आत जाताना त्यांनी चाचपून दादाचा खांदा शोधला आणि थोपटला. "मशीन बंद कर आए?" "कर आया," दादा म्हणाला. "जाओ, दिखता है हिंगोट।"

बाहेर पडून आम्ही पोहे-जलेबी घ्यायला थांबलो. दादाला फक्त पोहे. त्याने जलेबीकडे काळ्या चष्म्यातून बघितलं आणि म्हणाला, "त्या हिरव्या बत्तीने सगळं गुलाबी दिसून राहिलं. तुम्ही दोघीपण." त्याने जलेबी मागितली नाही, हे मी लक्षात ठेवलं.

पुढच्या बैठकांना तो स्वतःहून तयार असायचा. उजवा डोळा पूर्ण झाला. डाव्यातलं रक्त हळूहळू ओसरलं आणि त्याचंही राहिलेलं लेझर झालं. तो डोळा आता माणसाचा आकार ओळखतो, चेहरा नाही. होळीच्या सुमारास पुन्हा फोटो काढले. उजव्यातले ते गुच्छे वाळून बारीक झाले होते. अक्षरांच्या तक्त्यावर दादाने पहिल्या दिवशी वाचली होती तीच ओळ वाचली. वहिनीने दवाखान्याच्या बाकावर बसूनच हात जोडले. साखर तो आता मोजतो आणि आकडा मला पाठवतो, वर "कलेक्टरबाई, नोंद घ्यावी" असं लिहून. गुण्या चालू आहे. फट दिसली की नग परत.

फक्त, किनारे की मशीनें बंद झाली आहेत. तिन्हीसांजेला दादा जिन्यात चाचपतो. बाजूने कुणी आलं की दचकतो. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप दोनदा सांडला. दादा म्हणाला, कप चुकीच्या जागी ठेवला होता. डॉक्टरांनी हे अपेक्षितच आहे म्हटलं, आणि बाजूची नजर किती उरली ते मोजणारी एक तपासणी लिहून दिली. ती झाल्यावर वाहन चालवायचं की नाही ते ठरेल. तोवर चालवू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दादा तेव्हा टोपी घालत होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

त्याच संध्याकाळी वहिनीने स्कूटरचा प्लग काढून चण्याच्या डाळीच्या डब्यात ठेवला. दुसऱ्या सकाळी दादाने किक मारून बघितली, दोनदा, आणि मग टर्नरच्या मोटरसायकलवर मागे बसून कामाला गेला. तेव्हापासून तसाच जातो. सगळ्या पोलोग्राउंडच्या बंद मशिनी उघडून दुरुस्त करणारा माणूस, पण आपली स्कूटर का सुरू होत नाही ते त्याने अजून उघडून बघितलेलं नाही. विचारलंही नाही. अंगणात तिच्यावर कापड घातलेलं आहे. ते त्यानेच घातलं.

तपासणीची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. वेळ घ्यायची तर ती कशासाठी हे दादाला सांगावं लागेल, आणि सांगायचं तर स्कूटरचं नाव काढावं लागेल. येत्या खंडेनवमीला तलवार पोलोग्राउंडला न्यायची आहेच, त्याच्या आधी हे व्हायला हवं. यादीत मी त्या ओळीवर फक्त "दादाशी बोलणे" एवढंच लिहिलं आहे. बाकी ओळींवर काट मारून झाली. ही अजून तशीच आहे.